मामा दगड उलटायचे

माझं माहेर नळदुर्गाकडचं, हायवेला अगदी लागून. ट्रकच्या मागची अक्षरं लावत लावत मी वाचायला शिकले. किडामुंगी दिसली की पायातली चप्पल काढायची आणि हाणायची, एवढंच माझं त्या विषयातलं शिक्षण. अशी मी लग्न करून परंडा तालुक्यात आले, सीनेच्या काठाला, धनगराच्या घरात, आणि आल्या आल्या सासऱ्यांची बोलणी खाल्ली. धुणं घेऊन नदीवर गेले होते. दगडाखालून एक काळा भुंगेरा निघाला, मसुराच्या दाण्याएवढा, तेल लावल्यासारखा चकचकीत. मी चप्पल उचलली तर मागून आवाज आला, “ये पोरी, मारू नगं त्येला. त्येच्या जिवावर आपली मेंढरं हायती.”

म्हातारं चळलंय, असं मला वाटलं. नव्या नवरीनं तोंडावर बोलायचं नसतं म्हणून गप बसले, नाहीतर माझी जीभ काही घरी ठेवून आले नव्हते.

गाव त्यांना आबा म्हणायचं, माझा नवराही आबाच म्हणायचा. मी सून, म्हणून मला ते मामा. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. नवरा दूध संकलन केंद्रावर नोकरीला, मी पुढं अंगणवाडीत लागले, आणि मामा मेंढरांमागं. घरात पगार येत होता, मेंढरांवाचून काही अडत नव्हतं. नवरा कितीदा तरी म्हणाला, “आबा, विका आता. गुडघं दुखत्यात तुमचं.” मामा म्हणायचे, “इकतो की. आदी मला इक.” एवढं बोलून ते काठी उचलून चालायला लागायचे, आणि कळप त्यांच्या मागं निघायचा. बायको गेल्यावर या माणसाला बोलायला दुसरं कोण होतं? रात्रंदिवस तेच त्यांचं गणगोत.

आमच्याकडं रानात मेंढरं बसवायची पद्धत आहे. ज्वारी पेरायच्या आधी शेतकरी धनगराला बोलावतो. मोकळ्या रानात जाळी ताणायची, चारी बाजूंनी खुंट्या ठोकायच्या, त्या जाळीला वाघूर म्हणतात. मेंढरं आत मुक्काम करतात, लेंड्या नि मूत रानात मुरतं, असं खत दुसरं नाही. नदीकाठची राखून ठेवलेली ज्वारीची रानं मामांना दरवर्षी ठरलेली. शेतकरी वाट बघायचे. कारण मामांची मेंढरं काठाला बसली तरी कधी पाण्यात गेली नाहीत, अशी त्यांची ख्याती होती.

ती ख्याती किड्यांची होती. मामा सकाळ-संध्याकाळ काठावर जाऊन दगड उलटायचे, दुसरं काही नाही. नदी वाढते ते आपल्याला उशिरा दिसतं, ते सांगायचे. आधी वाळू खालून भरते. गारगोट्यांखाली, ओल्या वाळूत ज्यांची घरं आहेत त्यांच्या पायाखाली आधी पाणी येतं. मग ते काळे भुंगेरे बाहेर पडून गवताच्या पात्यावर चढून बसतात. त्यांच्यामागून मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून वर निघतात. मग पाठीवर पिल्लांचं गाठोडं घेतलेली कोळ्याची मादी. ती पायवाट ओलांडून वर गेली की मामा खुंट्या उपटायला लागायचे, मग आभाळात ढगाचा टिपूस नसला तरी.

एकदा भाद्रपदात असंच झालं. कडक ऊन, नदी गुडघ्याएवढी, आणि मामा वाघूर गुंडाळून माळाकडं निघाले. पारावरची माणसं हसली. “आबा, उन्हाचा पूर आला व्हय?” दिवस मावळायच्या आत त्या रानात पाणी उभं होतं. वर कुठंतरी पाऊस झाला होता. तेव्हापासून कोणी हसलं नाही. उलट नदीवरची पाण्याची मोटार काढायची का, बैल हलवायचे का, हे लोक मामांना विचारून ठरवायला लागले.

मलाही हळूहळू त्याचा नाद लागला. एकदा मामांनी काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात भुंगेरा सोडला आणि काडीनं तळाला दाबला. वर काळाकुळकुळीत असलेला तो पाण्यात चांदीसारखा चमकायला लागला. पंखाखाली त्यानं हवा धरून ठेवली होती. “डबा बांधून घेतलाय त्येनं,” मामा म्हणाले. मी सगळं काम आटपून आले तरी तो ग्लासाच्या तळाशी काडी धरून बसलेला. बाहेर काढून उन्हात ठेवला, तर अंग झटकून चालता झाला. मी टाळ्याच वाजवल्या, लहान लेकरासारख्या.

मग मी अंगणवाडीतल्या लेकरांना घेऊन जायला लागले. काही किडे पाण्यावर धावतात, त्यांचे पाय भिजत नाहीत. काही सरळ उडून जातात. वाळूत उभं बीळ करून राहणारी एक अळी आहे, ती कुठंही जात नाही. पाणी चढलं की बिळातच गुपचूप पडून राहते, जणू मेली, आणि पूर ओसरला की पुन्हा तोंड बाहेर काढते. मुंग्या एकमेकींना धरून गोळा होतात आणि तरंगतात, आतल्या वर येतात, वरच्या खाली जातात, कोणी एकटी बुडत नाही. लेकरं विचारायची, “बाई, आपण का न्हाय असं करत?” मी म्हणायचे, “आपल्याला भांडणातनं सवड कुठं आहे?”

मग वाळू गेली. आधी बैलगाडीनं जात होती, मग ट्रॅक्टरनं, मग मशीनच आणलं. कोण नेतं, कुठं नेतं, सगळ्यांना माहीत आणि कोणी काही बोलत नव्हतं. बोलणाऱ्याच्या घराचा पाया त्याच वाळूचा. काठ खरवडून निघाला. जिथं गारगोट्या होत्या तिथं खड्डे झाले आणि खड्ड्यांत गाळ साठला. वरच्या अंगाला ऊस आला, उसाबरोबर तणनाशक आलं, काठाचं गवत पिवळं पडलं. मामा दगड उलटायचे तर खाली नुसता चिकट काळा चिखल. “आत गेल्यात खोल,” ते म्हणायचे. मी मनात म्हणायचे, आत कुठले, मेले असतील सगळे. तोंडानं म्हणाले नाही. म्हणून काही उपयोगही नव्हता, मामांनी ऐकलं नसतं.

ज्या वर्षाचं सांगतेय त्या वर्षी पाऊस थांबायलाच तयार नव्हता. आमच्या मुलखात पावसासाठी देव पाण्यात ठेवणारी माणसं, तीच आभाळाला शिव्या घालायला लागली. सोयाबीन उभ्या जागी कुजलं. माळावर काळी माती, तिचा असा राडा झालेला की पाय घातला तर चप्पल आत राहते. मेंढराचं खूर म्हणजे नाजूक जात. चिखलात उभं राहिलं की ते सडतं, त्यात अळ्या पडतात, मेंढरू बसतं ते उठत नाही. म्हणून मामा कळप घेऊन नदीकाठच्या रानात उतरले. तिथली जमीन जरा रेताड, पाणी मुरणारी. खुरं सुकली. मेंढरं चालायला लागली. मामांचा चेहरा किती दिवसांनी हसरा दिसला. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, हे मी आजही सांगते.

दूध केंद्रावर नवऱ्याच्या मोबाईलवर मेसेज यायला लागले. वरची धरणं भरली, पाणी सोडणार, काठच्या लोकांनी जनावरं हलवावीत. तो तसाच रानात गेला. मीही पाठोपाठ गेले. मामांनी मेसेज ऐकून घेतला, काठी उचलली आणि काठावर जाऊन एक दगड उलटला. दुसरा उलटला. गवताच्या पात्यांवर वाकून बघितलं. “काय बी न्हाय,” ते म्हणाले. “एक बी वर आलेला न्हाय. पानी येनार आसतं तर आली आसती.”

माझा तोल गेला. “मामा, धरणाचा दरवाजा काय किड्यांना विचारून उघडतात का?”

“दरवाजा मानसं उघडत्यात,” मामा शांतपणे म्हणाले. “पानी वाळूतनंच येतं.”

“आता कुठाय वाळू? दाखवा मला मूठभर!”

नवऱ्यानं माझा दंड धरला. मामा माझ्याकडं बघत राहिले. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत. मी त्यांच्या मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलले असावे, तसं ते बघत होते. मग म्हणाले, “चिखलात न्हिऊन खुरं सडवू? उद्या सकाळी हलवतो. सकाळपातूर काय होत न्हाय.”

सकाळी आम्ही दोघं भाकरी घेऊन गेलो तेव्हा मामा खरंच खुंट्या काढत होते. उजाडलं होतं, भुरभुर चालू होती. नदीकडं बघितलं तर ती फुगलेली, पण पात्रातच. मला हायसं वाटलं. तेवढ्यात माझ्या पायाला गार लागलं. पाणी नदीकडून आलंच नव्हतं. रानामागच्या ओढ्यातून ते उलटं फिरून आलं होतं, आवाज न करता. माळाकडं जायची वाट बघता बघता गेली. पुढं नदी, मागं ओढा, मधे आम्ही.

आम्ही वाघूर पाडली आणि मेंढरांना मोटारीच्या खोलीकडं हाकलायला लागलो. तिथं थोडा उंचवटा होता. पण मेंढरू घाबरलं की उंच जागा बघत नाही, ते बसायची जागा बघतं. पुढची मेंढरं चार पावलं गेली आणि वळली. ती वळली तशी सगळी वळली, आणि पुन्हा त्या पाडलेल्या जाळीवर जाऊन एकमेकांच्या पोटात डोकी घालून उभी राहिली. मामा हाका मारत होते, त्यांची ती जिभेची टाळीसारखी हाक, जिच्यावर कळप आयुष्यभर चालला. एकही मेंढरू मान वर करीना. पाणी गुडघ्याला लागलं, मग मांडीला. जाळीत पाय अडकायला लागले. लोकर भिजली की मेंढराचा दगड होतो, पोहणारं मेंढरूही खाली जातं.

बांबूच्या डालग्याखाली झाकलेली कोकरं मी पाणी चढायच्या आतच पदरात घेतली होती, हाताला आली तेवढी. नवऱ्यानं मामांच्या कमरेला मिठी घालून त्यांना ओढलं. ते त्याला काठीनं मारत होते. पोटच्या पोराला, सगळ्या ताकदीनं. तसेच आम्ही मोटारीच्या खोलीच्या लोखंडी शिडीनं स्लॅबवर चढलो.

वर आमच्याआधी कोणीतरी पोचलं होतं. म्हणजे सगळेच पोचले होते. भिंत खालपासून वरपर्यंत हलत होती. मुंग्यांचे गोळे, गोमी, रातकिडे, वाणी किडे, कोळी, आणि काळे भुंगेरे, मसुराच्या दाण्याएवढे, पसापसा. वाहत आलेल्या उसाच्या पाचटाचा एक ढीग खोलीला अडकला होता, त्यातून ते उतरून वर येत होते, ओळीनं, कोणी कोणाला न ढकलता. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर एक विंचू नांगी खाली टाकून बसला होता. त्यानं मला काही केलं नाही, मी त्याला काही केलं नाही. हायवेवरची मी, किडा दिसला की चप्पल काढणारी, मांडीवरून गोम गेली तरी हलले नाही.

मामांनी एक भुंगेरा तळहातावर घेतला. तो त्यांच्या बोटावर चढला, पंख उघडले, झटकले, मिटले. मामा त्याच्याशी बोलले. “आत्ता आलास व्हय? आत्ता?” मग आमच्याकडं वळून म्हणाले, “ही आपल्या काठची न्हायत. वरून व्हावून आल्यात. आपल्या काठाला सांगायला कुनी ऱ्हायलंच नव्हतं.”

खाली मेंढरांचं ओरडणं चालू होतं. ते एकदम थांबलं नाही. एकेक आवाज कमी होत गेला, आणि मामा प्रत्येक आवाज ओळखत होते. कुठली मेंढी, कोणाची आई, ते पुटपुटत होते. मी कानात बोटं घातली. देवाशपथ सांगते, मी त्या दिवशी देवाला अशा शिव्या दिल्या की आजवर त्याच्यापुढं उभी राहिलेली नाही. दुपार कलल्यावर गावातले लोक ट्रॅक्टरच्या ट्यूबा बांधून आले आणि त्यांनी आम्हाला नेलं. मामा शेवटी उतरले.

पाणी ओसरल्यावर आम्ही रानात गेलो. कळप जाळीत होता. जाळीच्या काही खुंट्या अजून धरून होत्या, म्हणून कळप वाहूनही गेला नव्हता, तिथंच तरंगून तिथंच बसला होता. मामांनी पहिल्या मेंढीला हात लावला, वास मारत होता तरी तिच्या मानेवर हात फिरवला, आणि लोकर हलली. मला वाटलं, जिवंत आहे! नवराही धावला.

लोकरीतून भुंगेरे निघाले. मागून कोळी. मुंग्या, तोंडात पांढरी अंडी, जशीच्या तशी. दुसऱ्या मेंढीच्या अंगातूनही तेच, तिसरीच्याही. पूरभर ते तिथं राहिले होते. ज्या लोकरीनं मेंढरांना बुडवलं, तिच्यातच बाकी सगळ्यांनी जीव धरला होता. त्यांचं बिऱ्हाड उन्हात आलं, अंग वाळवलं, आणि निघालं सरळ काठाकडं. मामा उकिडवे बसून बघत होते. एकाला त्यांनी बोटानं चिरडलं. फक्त एकालाच. मग ते रडायला लागले, मोठ्यानं, गळा काढून, आणि मला कळेना की सासऱ्याला धरावं की नाही. मी धरलं.

मी पदरात आणलेली कोकरं तेवढी राहिली. आया नाहीत. मी बाटलीनं गाईचं दूध पाजलं. काहींना हगवण लागली आणि गेली. जी राहिली ती मामांच्या मागं मागं फिरायची, न्हाणीत, ओसरीवर, परसात. मी मनात म्हणायचे, एवढी जगू दे रे बाबा, म्हणजे म्हातारा जगेल. मामा जेवायचे नाहीत, पण बाटली धरायला उठायचे. काठावर मात्र एकदाही गेले नाहीत.

पण कोकराला मेंढीचं दूध लागतं, आणि कळपाची ऊब लागते. बाटलीवर ती नुसती पोटं फुगवत होती, अंग धरत नव्हती. हे मामांना माझ्याआधी कळलं. एका सकाळी ते म्हणाले, “चल, पोचवून यिऊ.” सोनारीकडच्या एका धनगराचा कळप होता, त्याच्या काही मेंढ्यांची पिल्लं पावसात मेलेली. नवऱ्यानं टेम्पो बघून दिला.

त्या माणसानं मामांचे पाय धरले. कोकरं मेंढ्यांना लावून बघितली, लाथा बसल्या, पुन्हा लावली, शेवटी एकेक चिकटली. तो म्हणाला, “आबा, मोठी झाली की घिऊन जावा.” मामा म्हणाले, “तुजीच आता. मला कशाला?” त्यानं आग्रह केला, मामांनी मान हलवली नाही. मग निघताना तो हळूच म्हणाला, “आबा, आमी बी नदीकडंच बसतो. त्या किड्यांचं कसं बगायचं, तेवढं सांगा की. तुमच्यामागं कुनाला यायचं न्हाय.”

मामा म्हणाले, “किड्यांचं किड्यांपाशी. त्येंना डबा बांधता येतो. तू आजच मेंढरं हलीव.”

“पन खुरं सडत्यात की वर, आबा.”

मामा टेम्पोकडं चालायला लागले. मी मागं. आणि तेवढ्यात कोकरं मेंढ्यांना सोडून धावत आली, सगळी, मामांच्या धोतराला नाक लावून ओरडायला लागली. बाटलीची सवय. तो धनगर त्यांना धरून नेई, ती पुन्हा सुटून येत. मामांनी दोनदा स्वतः उचलून आत नेऊन ठेवली. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा त्यांनी काठी उगारली आणि सगळ्यात पुढच्याला मारलं. ते कोलमडलं, उठलं, थोडं लांब उभं राहून त्यांच्याकडं बघायला लागलं. मामांनी पुन्हा काठी उगारली. मग ते मागं फिरलं, आणि बाकीची त्याच्या मागं गेली.